जाहिरात नको, पण काम तर हवे

पत्र

"मी बडोद्यात राहते. जुने कागद, पोथ्या, नकाशे आणि मोडी दप्तरे यांच्या संवर्धनाचे काम गेली 17 वर्षे करते. येथील विद्यापीठाच्या संग्रहालयशास्त्र विभागात शिकले, नंतर काही काळ लखनौला प्रशिक्षण घेतले. दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरातील एका खोलीत माझी कार्यशाळा आहे. आतापर्यंत एकाने दुसऱ्याला सांगून काम मिळत गेले, परंतु गेल्या दोन वर्षांत ते रोडावले आहे. माझ्यापेक्षा पुष्कळ कमी अनुभव असलेल्या एका तरुणाला संस्था व्याख्यानांना बोलावतात, कारण तो इन्स्टाग्रामवर सतत दिसतो. मुलगी म्हणते, रोज एक रील टाक. भाच्याने एका एजन्सीचा दर आणला आहे, महिना 15 हजार. मी स्वतः मागे फेसबुकवर एक पान उघडले, त्यावर तीन गोष्टी टाकल्या आणि संकोच वाटून सोडून दिले. आपणच आपले गोडवे गायचे हे आमच्या घरच्या वळणात बसत नाही. फोन मात्र येतात; 'आजोबांची जन्मपत्रिका लॅमिनेट करून घेऊ का', असे आठवड्यातून दोघे-तिघे तरी विचारतात, मी अर्धा अर्धा तास समजावते, ते आभार मानून फोन ठेवतात. माझे काम लोकांच्या खासगी कागदांवर चालते, ते दाखवायचे कसे? आणि सगळे उघड करून सांगितले तर माझ्याकडे येईल कोण? मी ब्लॉग लिहावा का, कोणत्या भाषेत लिहावा, आणि त्याचा खरेच काही उपयोग होतो का? त्या जुन्या पानाचे काय करू, हेही सांगावे."

— एक संवर्धक, बडोदे

उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रासोबत आपण त्या फेसबुकच्या पानाची चित्रेही पाठवलीत, हे बरे केलेत. त्यावर तीन गोष्टी आहेत: दिवाळीच्या शुभेच्छा, आपल्या प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्राचे छायाचित्र आणि 23 एप्रिलच्या जागतिक पुस्तक दिनानिमित्त कोठून तरी घेतलेले एक सुविचाराचे चित्र. ती पाहिल्यावर आपला संकोच मला अगदी योग्य वाटला. या तिन्हींत वाचणाऱ्याच्या पदरात पडण्यासारखे काही नाही, आणि ज्याला आपल्या कामाची जाण आहे अशा माणसाला असे काही टाकताना अवघडल्यासारखे होणारच. मात्र त्याच पत्रात, जवळजवळ तक्रारीच्या सुरात, आपण लॅमिनेशनविषयीच्या फोनांचे वाक्य लिहून गेला आहात. आपला ब्लॉग त्या वाक्यात आहे. गेली 17 वर्षे आपण तो तोंडी चालवत आहात, एका वेळी एकाच वाचकासाठी, आणि फोन ठेवला की तो पुसला जातो.

म्हणून पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की, आपण अवश्य लिहावे, परंतु स्वतःविषयी लिहू नये. लोक आपल्याला जे विचारतात त्याची उत्तरे लिहावीत. विचारल्यावर उत्तर देणे हे कोणत्याही घरच्या वळणात बसते.

लॅमिनेशनवरच्या एका लेखाचेच उदाहरण घेऊन सांगतो, कारण एक लेख नीट जमला की पुढचे त्याच साच्यात बसतात. शीर्षकाला 'कागदी वारशाच्या संवर्धनातील काही समस्या' असे नाव आपण द्याल, अशी मला दाट शंका आहे. शिकलेल्या माणसाचा हात तिकडेच वळतो. पण आजोबांची पत्रिका हातात घेऊन बसलेला माणूस शोधताना ते शब्द टंकणार नाही. तो लिहील, 'जुनी पत्रिका लॅमिनेट करावी का'. तेच आपले शीर्षक. पहिल्या ओळीत उत्तर द्यावे: करू नये. वाचकाला उत्तरासाठी पाच परिच्छेद ताटकळत ठेवणारे लेखन मासिकात एक वेळ चालते, येथे नाही, कारण लॅमिनेशनचे दुकान त्याच्या घराखाली आहे आणि ते आठ वाजता बंद होते. त्यानंतर कारण सांगावे, आणि ते आपण फोनवर सांगता त्याच शब्दांत: गरम रोलरखालून जाताना प्लास्टिकच्या आतला चिकट थर वितळून कागदाच्या तंतूंत शिरतो, तो पुढे काढायचा म्हटला तर द्रावणे वापरावी लागतात आणि त्यांत शाईही उतरू शकते, शिवाय कागदात आधीच असलेले आम्ल आत कोंडले जाते आणि आपले काम चालू ठेवते, त्यामुळे वरून चकचकीत दिसणारा कागद आतून ठिसूळ होत राहतो. मग पर्याय द्यावा, म्हणजे आम्लरहित कागदाची घडी किंवा न चिकटणारी पॉलिएस्टरची पारदर्शक पिशवी, आणि ती बडोद्यात कोठे मिळते किंवा कोठून मागवावी लागते हेही स्पष्ट लिहावे. शेवटी, कागद कोणत्या अवस्थेत असेल तर घरी हात लावू नये, हे दोन वाक्यांत सांगून आपले नाव, शिक्षण आणि संपर्काची एक ओळ द्यावी. एवढीच ओळ आपल्याविषयी. सहाशे-सातशे शब्द पुष्कळ झाले.

लिहिण्याची सवय नसेल तर पुढचा असा फोन येईल तेव्हा आपली बाजू तेवढी मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावी आणि मग ऐकून कागदावर उतरवावी. मराठीत बोलून टंकण्याची सोय आता बरी झाली आहे, पण 'खळ' (चिकटवायची पेज), 'रुमाल' (कापडात बांधलेले दप्तर), 'बासन' (पोथीचे बांधायचे कापड) असले आपल्या कामाचे शब्द ती हमखास चुकवते, तेव्हा तपासल्याशिवाय काही प्रसिद्ध करू नये. यंत्राकडून सगळा लेख लिहून घेण्याचा मोह पुष्कळांना होतो. आपल्या बाबतीत तो तोट्याचा सौदा आहे, कारण असा लेख बरोबर असला तरी कोणाचाही वाटतो. आपल्या लेखात मात्र, 'एका घरी पत्रिकेला सेलोटेपचे सात थर निघाले आणि प्रत्येक थर वेगळ्या पिढीने लावलेला होता', असे एखादे वाक्य येऊ शकते. असे वाक्य वाचून माणूस फोन उचलतो.

आता आपल्या भीतीकडे येतो. सगळे उघड केले तर माझ्याकडे कोण येईल, असे आपण विचारता. लॅमिनेशन करू नये हे समजल्यामुळे आपले एकही काम कमी होणार नाही. झालेच तर, लॅमिनेट न झालेला आणि म्हणून वाचवता येण्याजोगा कागद आपल्या टेबलावर येईल. खरी अडचण दुसरीच आहे. आपण एखाद्या द्रावणाचे नाव आणि प्रमाण लिहिले की कोणीतरी उत्साही जावई रविवारी दुपारी तो प्रयोग सासऱ्यांच्या सनदेवर करून पाहणार. म्हणून आपल्याला एक रेघ आखून घ्यावी लागेल. काय करू नये, कसे ठेवावे, हाताळावे कसे, संकटात पहिल्या दोन दिवसांत काय करावे, हे मोकळ्या हाताने लिहावे. धुणे, आम्ल उतरवणे, डाग काढणे, जपानी कागद आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ लावून जोडणे, यांविषयी ते का करतात आणि त्याला किती वेळ लागतो एवढेच लिहावे, कृती देऊ नये. ज्यात चूक सुधारता येत नाही ते शिकवू नये. आपल्या शास्त्रात केलेली प्रत्येक गोष्ट पुन्हा उलटवता आली पाहिजे असा दंडक आहेच. तोच लेखनाला लावला की रेघ आपोआप आखली जाते.

विषय कोठून आणायचे याची चिंता नको, कारण बडोद्याचे वर्षच ते पुरवते. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदीचे पाणी शहरात शिरले आणि मगरी रस्त्यावर आल्या, तेव्हा सगळ्या देशाने मगरींची चित्रे पाहिली. परंतु तळमजल्यावरच्या कपाटांत भिजलेल्या पुस्तकांचे आणि फोटोंच्या अल्बमांचे काय करावे, हे त्या आठवड्यात ज्यांना हवे होते त्यांनी कोणाला विचारायचे? ओला कागद साधारण 48 तासांत बुरशी धरू लागतो, भिजलेले पुस्तक उन्हात ठेवले तर वेडेवाकडे होते, गुळगुळीत कागदाची पाने वाळताना एकमेकांना कायमची चिकटतात, आणि काहीच जमत नसेल तर पुस्तक पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवल्याने निदान वेळ मिळतो, एवढी माहिती त्या दोन दिवसांत सोन्याच्या मोलाची असते. हा लेख ऑगस्टात लिहायला घेतला तर उशीर झालेला असतो. तो मे महिन्यात लिहून जूनच्या आरंभी प्रसिद्ध करावा आणि विश्वामित्री वाढली की पुन्हा फिरवावा. दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरची बासने खाली येतात, तेव्हा 'फेकण्याआधी काय पाहावे' हा विषय. हिवाळ्यात लग्नाच्या आणि वंशावळीच्या निमित्ताने जुन्या पत्रिका बाहेर निघतात, तेव्हा त्यांचा. कसर, वाळवी, डांबराच्या गोळ्या आणि कडुनिंबाचा पाला हे विषय तर बारमाही आहेत. महिन्याला एक लेख धरला तर वर्षाला बारा होतात आणि ते पुरेसे आहेत. रोज एक रील ही आपल्या मुलीची सूचना प्रेमापोटी आहे, पण ती मानलीत तर कागदाला हात लावायला वेळ उरणार नाही.

लिहायचे कोठे, या प्रश्नावर मला थोडे विस्ताराने बोलायचे आहे, कारण येथे बहुतेकांची गफलत होते. आपल्या शहरातलेच उदाहरण देतो. सयाजीराव महाराजांनी 1910 साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना बडोद्यास बोलावले आणि त्यांच्या हाताखाली जी ग्रंथालयव्यवस्था उभी राहिली तिचे दोन भाग होते: शहरातले मध्यवर्ती ग्रंथालय, आणि लाकडी पेट्यांत पुस्तके भरून गावोगाव पाठवायची फिरती वाचनालये. पेटी गावात जायची, वाचली जायची, परत यायची. पेट्या नसत्या तर ग्रंथालय शहरापुरते राहिले असते, आणि मध्यवर्ती ग्रंथालय नसते तर पेट्यांत भरायला काही उरले नसते. आपला ब्लॉग हे ते ग्रंथालय. फेसबुक, इन्स्टाग्राम, लिंक्डइन आणि व्हॉट्सॲप या पेट्या. आज लोक उलटे करतात. सगळा ऐवज पेटीतच ठेवतात. पेटी दुसऱ्याच्या मालकीची असते याचा अनुभव आपल्या पिढीला अनेकदा आला आहे. ऑर्कुट सप्टेंबर 2014 मध्ये बंद झाले, गूगल प्लस एप्रिल 2019 मध्ये सामान्य लोकांसाठी मिटले, आणि टिकटॉकवर जून 2020 मध्ये भारतात एका आदेशाने बंदी आली, तेव्हा तेथे लाखांनी अनुयायी जमवलेल्यांच्या हाती एका रात्रीत काही राहिले नाही. शिवाय फेसबुकवर लिहिलेले दोन वर्षांनी शोधून काढणे लेखकालाही जड जाते, मग पत्रिका हातात घेतलेल्या अनोळखी माणसाला ते कसे सापडावे? स्वतःच्या नावाचा पत्ता विकत घेऊन त्यावर साधा ब्लॉग मांडायला वर्षाला दोन-चार हजारांच्या वर खर्च येऊ नये. ब्लॉगर किंवा वर्डप्रेसवर विनामूल्य आरंभ केला तरी चालेल, फक्त लेखांची एक प्रत नेहमी स्वतःच्या संगणकात ठेवावी. आपण पत्राच्या मागे अकरा विभागांच्या संकेतस्थळाचा जो आराखडा काढला आहे, तो तूर्त बाजूला ठेवा. लेखांचे एक पान, आपल्याविषयीचे एक पान आणि संपर्क, एवढ्यावर आरंभ होतो. विभाग नंतर लेखच मागून घेतात.

पेट्यांपैकी कोणती कोठे जाते हे पाहून भरावी. संग्रहालये, अभिलेखागारे आणि विद्यापीठे यांतली माणसे लिंक्डइनवर असतात, तेव्हा तेथे इंग्रजीत, नेमके आणि थोडके लिहावे. घरगुती कागद असलेली कुटुंबे व्हॉट्सॲप आणि फेसबुकवर असतात. व्हॉट्सॲपवर मजकूर नाव गळून फिरतो हे आपण जाणताच, म्हणून तेथे पाठवायच्या चित्रावरच आपले नाव आणि ब्लॉगचा पत्ता छापलेला असावा. इन्स्टाग्रामवर चित्राखालच्या मजकुरात दिलेला दुवा दाबून उघडत नाही, तो आपल्या परिचयात ठेवावा लागतो, एवढे लक्षात असू द्या. एका गोष्टीकडे मात्र सगळ्यांचे दुर्लक्ष होते आणि तीच मला सर्वांत आधी करण्यासारखी वाटते: गूगलच्या नकाशावर आपल्या व्यवसायाची नोंद. ती विनामूल्य असते, 'जवळपास' शोधणाऱ्याला दिसते, आणि घरातून काम करणाऱ्यांना पत्ता लपवून फक्त सेवा देण्याचा परिसर दाखवण्याची सोय तीत आहे. लोकांच्या मौल्यवान वस्तू घरात ठेवणाऱ्या आपल्यासारख्यांनी ती सोय जरूर वापरावी.

एजन्सी नको. 15 हजार रुपये जास्त आहेत म्हणून नव्हे. आपल्या विषयातले वाक्य लिहिता येईल असा माणूस त्यांच्याकडे नसणार, आणि ते पुन्हा दिवाळीच्या शुभेच्छांवरच येतील. अनुयायी विकत देऊ असे कोणी म्हणाले तर त्याला दारातूनच परत पाठवावे. आपल्याला दहा हजार अनोळखी नावांपेक्षा चाळीस ग्रंथपालांनी वाचणे अधिक मोलाचे आहे.

भाषेबाबत आपण विचारता. मराठीत लिहा, हे माझे पहिले मत आहे आणि ते भावनेपोटी दिलेले नाही. इंग्रजीत कागदाच्या संवर्धनावर परदेशी संस्थांनी भरपूर आणि उत्तम लिहून ठेवले आहे. तेथे आपण शंभरावे असाल. मराठीत मोडी दप्तराचा रुमाल कसा सोडावा, पोथीच्या फळ्या कशा बांधाव्यात, जन्मपत्रिकेची सुरळी कशी उलगडावी, हे लिहिणारे फारच थोडे आहेत, आणि तो ठेवा बडोदे, ग्वाल्हेर, इंदूर, तंजावर येथल्या मराठी घरांतूनच पडून आहे. ते वाचायला पुण्या-मुंबईचा वाचकही आपल्याकडे येईल. मात्र बडोद्यात राहून गुजराती शेजाऱ्याला वगळणे बरे नव्हे. त्याच्या वह्या आणि चोपड्या आपल्या पोथ्यांइतक्याच जुन्या आहेत, म्हणून चार-पाच नेहमीच्या प्रश्नांचे लेख गुजरातीत करून घ्यावेत. भाषांतर शब्दशः नको. गुजराती घरात जो कागद असतो त्याचे उदाहरण घालून नव्याने लिहावे.

येथे एक तांत्रिक सूचना करतो, कारण तिच्या अभावी माझी स्वतःची फजिती झाली आहे. मी जुन्या काळी सहा वर्षांचे लेखन अशा एका मराठी अक्षरसंचात टंकले होते की ज्यात पडद्यावर मराठी दिसे, पण संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरांची खिचडी असे. संगणक बदलला आणि लेखांच्या जागी चिन्हांची रांगोळी उरली. आपली जुनी टिपणे आणि अहवाल अशा अक्षरसंचांत असतील तर आधी ते युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना सारख्या कळणाऱ्या अक्षरांकनात, बदलून घ्यावेत, कारण युनिकोड नसलेला मजकूर शोधयंत्राला वाचता येत नाही. रूपांतर करणारी साधने आहेत, पण जोडाक्षरे आणि रफार नजरेखालून घालावे लागतात. (मोडी लिपीलाही 2014 मध्ये युनिकोडमध्ये स्थान मिळाले आहे. एखादे शीर्षक मोडीत द्यावे असा मोह आपल्याला होईल. सजावट म्हणून द्या, शोधायला कोणी मोडी टंकणार नाही.) लेखाचा पत्ता मात्र रोमन अक्षरांत, तीन-चार शब्दांचा ठेवावा. देवनागरी पत्ता दुसरीकडे चिकटवला की बहुधा त्याची टक्क्यांच्या चिन्हांनी भरलेली दीड-दोन ओळींची माळ होते, आणि ती पाहून अनेकांना तो दुवा फसवणुकीचा वाटतो.

आता छायाचित्रे. आपल्या कामात 'आधी' आणि 'नंतर' यांच्या चित्रांइतके बोलके काही नाही, आणि धोकाही तेथेच आहे. माझा सल्ला असा की, काम स्वीकारताना जो कागद आपण सही करून घेता त्यातच एक स्वतंत्र कलम घालावे: छायाचित्र दाखवायला संमती आहे किंवा नाही, असल्यास घराण्याचे नाव द्यायचे की नाही, आणि मजकूर वाचता येईल असे चित्र चालेल की केवळ कोपरा. संमती नाकारल्याने दरात फरक पडणार नाही, हेही तेथेच लिहावे, नाहीतर लोक भिडेखातर सही करतात. पुष्कळदा कोपराच पुरतो. फाटलेली कड, किड्याने पाडलेली भोके आणि जोडल्यानंतरची तीच कड, यांतून आपले कौशल्य दिसते आणि कोणाच्या वाटणीपत्रातला आकडा दिसत नाही. पत्रांच्या बाबतीत एक बारकावा आहे. पत्र ज्याच्या कपाटात आहे तो त्या कागदाचा मालक असला तरी मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि त्याच्या वारसांचा असतो, आणि आपल्या कायद्यात तो लेखकाच्या मृत्यूनंतरही चालू राहतो. म्हणून अशिलाने 'खुशाल छापा' म्हटले तरी एखादे अख्खे खासगी पत्र वाचता येईल असे टाकण्याआधी दोनदा विचार करावा.

मोबाइलने काढलेल्या छायाचित्रात ते कोठे काढले याची नोंद दडलेली असू शकते. मोठी समाजमाध्यमे ती सहसा काढून टाकतात, आपल्या स्वतःच्या ब्लॉगवर मात्र ती तशीच राहू शकते. तेव्हा कॅमेऱ्याची स्थाननोंद बंद ठेवावी, आणि एखाद्या घरचे मौल्यवान हस्तलिखित आपल्याकडे आहे हे ते परत गेल्यावरच जगाला कळू द्यावे. आणखी एक. असे चित्र टाकले की खाली कोणीतरी 'विकायचे आहे का, किंमत सांगा' असे लिहितोच. 75 वर्षांहून जुनी, महत्त्वाची हस्तलिखिते 1972 च्या पुरावशेष कायद्याखाली येतात आणि त्यांच्या व्यापाराला परवाना लागतो, हे मी आपल्याला सांगायला नको. पण आपले पान त्या बाजाराचा कट्टा होऊ नये म्हणून अशा अभिप्रायाला एका वाक्यात नकार देऊन तो काढून टाकावा. प्रत्येक चित्राला दृष्टिहीन वाचकांसाठी एका ओळीचे वर्णन जोडावे. आपल्याला अवस्था-अहवाल, म्हणजे कागद कोणत्या स्थितीत आहे याचे वर्णन, लिहायची सवय आहे, त्यामुळे ते आपल्याला इतरांपेक्षा सोपे जाईल.

त्या तरुणाविषयी आपण जे लिहिले आहे त्यात थोडा राग आहे आणि तो मी समजू शकतो. पण व्याख्यान ठरवणाऱ्या बाईंच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. त्यांना बुधवारपर्यंत एक नाव वरिष्ठांकडे द्यायचे आहे, त्या शोधतात, एकाचे पंधरा मिनिटांचे बोलणे त्यांना पाहायला मिळते आणि दुसऱ्याची केवळ ख्याती कोठे तरी ऐकलेली असते. त्यांनी अन्याय केलेला नाही, त्यांच्यासमोर एकच माणूस होता. आपण एखाद्या लेखाचेच सात-आठ मिनिटांचे बोलणे, टेबलावर हात दिसतील आणि चेहरा दिसलाच पाहिजे असे नाही अशा बेताने मुद्रित करून ब्लॉगवर ठेवलेत, तर पुढच्या वेळी त्यांच्यासमोर दोन माणसे असतील. आणि जमल्यास त्या तरुणाच्या एखाद्या चांगल्या कामाचा दुवा आपल्या लेखात द्या. एवढ्या लहान क्षेत्रात माणसे एकमेकांकडे काम पाठवूनच जगतात. नकाशांचे काम त्याला झेपणार नाही तेव्हा तो कोणाचे नाव सांगेल, याचा विचार आजच करून ठेवलेला बरा. त्याच्याशी जाहीर वाद मात्र कधीही घालू नये, त्याने चुकीचे काही लिहिले तरी. चूक गंभीर असेल तर फोन करावा.

उपयोग होतो का, हा आपला सर्वांत प्रामाणिक प्रश्न. पहिले सहा महिने बहुधा काहीही होणार नाही. पसंतीचे अंगठे मोजू नयेत, ते बहुतेक नातेवाइकांचे असतात. आपल्याकडे कामाची नोंदवही असेलच. तीत एक रकाना वाढवावा: 'आमच्याविषयी कोठून कळले'. आणि फोनचे स्वरूप बदलते आहे का, हे पाहावे. 'लॅमिनेट करू का' असे विचारणारा आता 'तुमचा लेख वाचला, लॅमिनेट केलेले नाही, आणून दाखवू का' असे म्हणू लागला, तर लेख कामाला लागला आहे. अर्ध्या तासाच्या फोनच्या जागी आपण दुवा पाठवू लागलात, तरी आठवड्याचा तास-दीड तास वाचला. तोच पुढच्या लेखाला वापरता येईल. वर्षभरात त्या रकान्यात ब्लॉगचे नाव एकदाही आले नाही, तर मला पुन्हा लिहा. मग विषय चुकले आहेत की पेट्या चुकीच्या गावी जात आहेत, ते पाहू.

राहिले ते जुने फेसबुकचे पान. ते बंद करू नका, त्याच पानाला पेटी करा. त्याला जोडलेली 140 माणसे आपल्याला ओळखणारी आहेत आणि पहिला लेख त्यांच्याच हाती जायला हवा. शुभेच्छा आणि सुविचार राहिले तरी बिघडत नाही. प्रमाणपत्राचे छायाचित्र मात्र आजच काढून टाका: त्यावर आपली जन्मतारीख आणि नोंदणी क्रमांक स्पष्ट वाचता येतो, आणि डाव्या कोपऱ्यात, मला चष्म्याशिवायसुद्धा दिसले, सेलोटेप लावलेली आहे.